मारायचं, तर कोणत्या गोळीने?

1959 च्या शस्त्र कायद्याने शेतकऱ्याची आठवण ठेवली आहे. पिकाच्या राखणीसाठी खरोखरच गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं त्याचं तेरावं कलम सांगतं. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी बिनआट्यांची बंदूकही मिळू शकते, फक्त तिची नळी वीस इंचांहून आखूड नको. आट्यांची नळी असलेली रायफल हवी असेल तर मात्र अधिकाऱ्याला वेगळं, सबळ कारण पटवून द्यावं लागतं. म्हणजे ज्याच्या वावरात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर उतरतं, त्याच्या हाती कायदा सर्वांत आधी कोणतं हत्यार देतो? ज्याचा नेम सर्वांत कमी भरवशाचा, ते.

या ठासणीच्या बंदुकीला आपल्याकडे भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज, आणि मागे टोपी. दारू किती घालायची? हाताच्या अंदाजाने. छर्रे नसतील तर सायकलच्या बेअरिंगमधल्या गोळ्या, खिळ्यांचे तुकडे, जे हाताशी असेल ते. त्या बाराचा वेग दर खेपेला वेगळा आणि फेकही वेगळी. छर्रा गोल असल्यामुळे हवेत लवकर मंदावतो. रानडुकराच्या वयात आलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, जाड थर असतो. दोन नर एकमेकांना सुळे मारतात तेव्हा तोच त्यांना वाचवतो. अंदाजाने भरलेल्या बाराचा छर्रा त्या थरात रुतून बसतो. डुक्कर तुरीत शिरतं आणि दोन-तीन दिवसांनी कुठल्यातरी नाल्यात मरतं, किंवा मरत नाही. सकाळी पऱ्हाटीत कापूस वेचायला गेलेल्या बायांची गाठ पडते ती अशा जखमी जनावराशी. न दुखावलेलं डुक्कर माणसाची चाहूल लागली की पळ काढतं. दुखावलेलं तसं करेलच असं नाही.

बंदुकीच्या गोळीवर वैचारिक लेख लिहिण्याचं कारण हे आहे. शिकारीच्या रायफलीला कोणती गोळी घालावी, काडतूस घरी भरावं की कारखान्याचं घ्यावं, या चर्चा अमेरिकेत आणि युरोपात हौशी माणसांच्या समजल्या जातात. भारतात तर हा विषयच संपला, असा आपला समज आहे, कारण 1972 चा वन्यजीव कायदा आणि त्यातली 1991 ची दुरुस्ती यांनी खेळाची शिकार बंद केली. ती बंद झाली हे उत्तम झालं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण मारणं बंद झालेलं नाही. त्याच कायद्याचं अकरावं कलम जनावर मारण्याची परवानगी देतं आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात ती वेळोवेळी दिली जाते. शिकारीबरोबर आपण नीट मारण्याचं ज्ञानही टाकून दिलं, आणि मारण्याचा अधिकार तेवढा सरकारकडे ठेवला. हे मला धोक्याचं वाटतं. ज्याने मारायचा हुकूम काढला, त्याने गोळीचीही जबाबदारी घेतली पाहिजे.

आता गोळीकडे जरा जवळून पाहू, कारण नैतिक प्रश्नाचा बराच भाग तिच्या घडणीतच आहे.

घरी काडतूस भरणाऱ्या परदेशी शिकाऱ्याच्या टेबलावर एक छोटा दाबयंत्राचा साचा असतो आणि एक तराजू. तराजूचं माप ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, आणि हा गृहस्थ ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत दारू तोलतो. एकदा उडवलेल्या पितळी पुंगळीला तो पुन्हा आकार देतो, जुनी टोपी काढून नवी बसवतो, दारू घालतो आणि निवडलेली गोळी ठरावीक खोलीवर बसवतो. एवढा कीस काढायचं कारण हौस असेलही, पण त्यामागे शास्त्र आहे. प्रत्येक नळीचा स्वभाव किंचित वेगळा असतो. एका वजनाची गोळी एका वेगाने सुटली तर पाच बार तळहाताएवढ्या जागेत पडतात, तीच गोळी दुसऱ्या वेगाने विखुरते. आणि रायफलीच्या काडतुसात क्षणभर जो दाब तयार होतो, तो हवेच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींच्या आसपास असतो. तिथे अंदाज चालत नाही. भरमारीचा बार आणि हा बार, दोन्ही हातानेच भरलेले. एकात मूठ मोजते आणि दुसऱ्यात तराजू. आपल्याकडे शस्त्र कायद्याचं पाचवं कलम परवान्याशिवाय दारूगोळा तयार करू देत नाही, म्हणून तराजूवाला प्रकार सामान्य माणसाला जवळजवळ बंद आहे. मुठीचा मात्र कायद्याच्या आशीर्वादाने चालू आहे.

गोळीचा सगळ्यात मोठा प्रश्न असतो तो आत गेल्यावर तिने काय करावं, हा. पूर्ण तांब्याचं आवरण असलेली गोळी आपला आकार सोडत नाही, अरुंद भोक पाडून पलीकडे निघून जाते. शिशाचं नाक उघडं असलेली सॉफ्ट-नोज गोळी मांसात शिरताच पसरते, तिचा व्यास वाढतो, जखम रुंद होते, फुप्फुसं आणि काळीज तत्काळ निकामी होतात. फार मऊ असेल तर ती वरच्या वर फुटते आणि आतपर्यंत पोचतच नाही. या दोन टोकांमधली जागा शोधण्यात कारागिरांनी शंभर-सव्वाशे वर्षं घालवली. जॉन नॉस्लर या अमेरिकन माणसाने 1946 मध्ये कॅनडात मूस जातीच्या एका हरणावर गोळ्या झाडल्या. त्या बाहेरच्या बाहेर फुटल्या आणि जनावर पडेना. घरी येऊन त्याने गोळीच्या मधोमध तांब्याची भिंत घातली: पुढचा अर्धा पसरावा, मागच्या अर्ध्याने वजन टिकवून खोल जावं. 1948 पासून ती ‘पार्टिशन’ नावाने विकली जाऊ लागली. एका जनावराच्या लांबलेल्या मरणाने तो माणूस कारखान्यात जाऊन बसला, हे मला त्या धंद्यातलं सर्वांत माणुसकीचं प्रकरण वाटतं.

पण गोळी एकटी काही ठरवत नाही. स्कॉटलंडचा डब्ल्यू. डी. एम. बेल आफ्रिकेत हजारावर हत्ती मारणारा माणूस. त्यातले बहुतेक त्याने .275 रिग्बीसारख्या लहान कॅलिबरच्या रायफलीने मारले, पूर्ण आवरणाच्या गोळ्यांनी. हत्तीची कवटी आतून कशी असते हे त्याने अभ्यासलं होतं आणि तो थेट मेंदूवर नेम धरत असे. तशाच .275 रिग्बीने जिम कॉर्बेटने 1926 मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या मारला. म्हणून ‘वाघाला कोणतं कॅलिबर’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणती गोळी, किती अंतरावरून, कोणत्या कोनातून आणि कोणाच्या हातातून, हे चारही सांगितल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

कॉर्बेटचं नाव आलंच आहे तर त्याच्या पहिल्या नरभक्षक वाघिणीचं सांगायला हवं, कारण माझ्या मुद्द्याचा तो सर्वांत कडक पुरावा आहे. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर 436 माणसं होती. 1907 मध्ये ती पडल्यावर कॉर्बेटने तिचा जबडा पाहिला. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे मोडलेले, एक अर्धा, दुसरा पार हाडापर्यंत. कोणीतरी कधीतरी झाडलेल्या गोळीची ती जुनी जखम होती. तिला नेहमीची शिकार पकडता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असा त्याचा निष्कर्ष. कोणा अनामिक माणसाने घाईने, दुरून किंवा चुकीच्या हत्याराने झाडलेल्या एका बाराची किंमत दोन देशांतल्या शेकडो लोकांनी मोजली. ती नेपाळमधून इकडे आली होती. त्या मोहिमेच्या बक्षिसादाखल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने कॉर्बेटला जी रायफल दिली, तीच ती .275 रिग्बी. आपल्या सरकारी दप्तरात बक्षिसांच्या नोंदी नीट सापडतात. घायाळ करून सोडून दिलेल्या जनावरांच्या नोंदी कोण ठेवतो?

पसरणाऱ्या गोळीच्या इतिहासाचं एक पान भारतातलं आहे, आणि ते विचित्र आहे. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात 1890 च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले याने .303 च्या गोळीचं आवरण पुढून कमी करून शिसं उघडं ठेवलं. सरहद्दीवरच्या लढायांत पूर्ण आवरणाची गोळी लागूनही पठाण धावत येतात, अशी इंग्रज सैन्याची तक्रार होती. 1899 च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा झाला तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधीने ‘रानटी’ लोकांविरुद्ध त्या लागतातच, असं समर्थन केलं. सुसंस्कृत शत्रूसाठी एक गोळी आणि काळ्या शत्रूसाठी दुसरी, असा हिशेब. पुढे ब्रिटननेही तो जाहीरनामा मान्य केला. आणि आज त्याच ब्रिटनमधला, इंग्लंड-वेल्सला लागू असलेला 1991 चा हरीण कायदा काय म्हणतो? अगदी लहान जाती सोडल्या तर हरणावर झाडायची गोळी सॉफ्ट-नोज किंवा पोकळ नाकाचीच हवी, कॅलिबर .240 पेक्षा लहान नको, नळीच्या तोंडाशी ऊर्जा 1,700 फूट-पाउंडांहून कमी नको.

युद्धात जी गोळी क्रूर म्हणून निषिद्ध ठरली, तीच हरणासाठी सक्तीची. वरवर हा दुटप्पीपणा वाटेल, पण नाही. युद्धात शत्रूला लढण्याजोगा न ठेवणं पुरतं. जखमी शिपायाला उचलायला माणसं असतात, इस्पितळ असतं. जंगलात जखमी जनावराला कोणी उचलत नाही. तिथे जखम म्हणजे हळू मरण. ज्या समाजाने हे कायद्यात आकड्यांनिशी लिहिलं, त्याने मारण्याला मान्यता दिली, पण ती मोफत दिली नाही.

आपल्याकडे मात्र गोळीची निवड जनावराकडे पाहून कधी झालीच नाही. ती बंडाच्या भीतीने झाली. 1907 च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .450 कॅलिबरच्या रायफली आणण्यावर बंदी घातली. जुन्या सैनिकी रायफलींना तो दारूगोळा उपयोगी पडेल आणि बंडखोरांच्या हाती जाईल, ही धास्ती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच .465, .470 अशी शेजारची कॅलिबरं काढली. सैन्याचं .303 खासगी माणसाला वर्ज्य, म्हणून .315 पुढे आलं. स्वातंत्र्यानंतरही ‘प्रतिबंधित बोअर’ हा शब्द टिकला आणि ईशापूरच्या कारखान्याची .315 ही देशातली घरगुती रायफल झाली. तिची काडतुसं येतात आपल्याच पुण्याजवळून, 1869 पासून चालू असलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून. वजनदार सॉफ्ट-नोज गोळी, वेग बेताचा. शंभर मीटरच्या आत रोह्याला किंवा डुकराला ती पुरेशी आहे. योगायोगाने का होईना, वसाहतीच्या भीतीने आपल्याला एक बरी गोळी दिली. फक्त ती शेतकऱ्याच्या किंवा वनरक्षकाच्या हातात नाही.

इंग्रज शिकाऱ्यांचं एक ज्ञान मात्र खास या मातीचं होतं आणि तेही आपण विसरलो. त्या काळची कॉर्डाइट दारू उन्हाने तापली की दाब वाढवायची; पुंगळी नळीत अडकून बसायची आणि समोर वाघ. म्हणून विलायतेतले कारखाने हिंदुस्थानसाठी कमी दारूची वेगळी काडतुसं भरत. यवतमाळात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. आजची दारू पुष्कळ सुधारली आहे, तरी दिवसभर जीपच्या पत्र्याखाली ठेवलेलं काडतूस आणि थंडीत तपासलेलं काडतूस एकच बार देतील, असं धरून चालणं बेफिकिरीचं आहे.

या सगळ्या पार्श्वभूमीवर 2018 ची मोहीम आठवून पाहावी. पांढरकवडा वनविभागात, राळेगावच्या आसपासच्या गावांत, 2016 पासून तेरा माणसं गेली. वन विभागाच्या नोंदीत टी-1 आणि लोकांच्या तोंडी अवनी, अशा वाघिणीवर ठपका होता. सप्टेंबर 2018 मध्ये हुकूम निघाला: आधी बेशुद्ध करून पकडायचा प्रयत्न, ते जमलं नाही तर ठार. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. त्यानंतरचे दोन महिने या भागाने जे पाहिलं ते कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं. कॅमेरे, ड्रोन, पॅराग्लायडर, हत्ती, इटालियन जातीची दोन कुत्री. त्यातल्या चंद्रपूरहून आणलेल्या हत्तीने साखळी तोडली आणि एका बाईचा जीव घेतला. वाघिणीला ओढायला केल्विन क्लाइनचं ऑब्सेशन नावाचं अत्तर शिंपडलं. ते नाव साऱ्या महाराष्ट्राला पाठ झालं. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात ती पडली. गोळी झाडली हैदराबादचे शिकारी शफाअत अली खान यांचा मुलगा असगर अली याने. बेशुद्धीचा डार्ट मारल्यावर ती अंगावर आली म्हणून स्वसंरक्षणार्थ बार काढला, अशी त्याची बाजू. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीला ती पटली नाही. शस्त्र कायदा, पशुवैद्यक परिषद कायदा आणि प्राधिकरणाची कार्यपद्धती या तिन्हींचा भंग झाल्याचा ठपका समितीने ठेवला.

त्या वादात सगळ्यांनी व्यक्तींवर बोट ठेवलं. मंत्री, शिकारी, प्राणिमित्र, गावकरी. मला त्या अहवालातली एक नोंद जास्त बोलकी वाटते: डार्टमधलं औषध 56 तास आधी भरून ठेवलेलं होतं. डार्ट हाही हातानेच भरलेला बार. त्यात दारूच्या जागी औषध असतं, ग्रेनच्या जागी जनावराच्या वजनाचा हिशेब असतो, आणि औषधाला मुदत असते. ती मुदत उलटून गेलेली होती. मुठीने भरलेली भरमार आणि शिळ्या औषधाचा डार्ट या दोन्हींत मला एकच दोष दिसतो: ‘लागेल तेव्हा लागेल’ असं म्हणून भरून ठेवायचं.

आणि गोळी? नरभक्षक ठरलेल्या वाघाला संपवण्याविषयी प्राधिकरणाची जी कार्यपद्धती आहे, ती विभागातल्या कुशल माणसाने हे काम करावं, तसा कोणी नसेल तर बाहेरचा तज्ज्ञ घ्यावा, आणि योग्य बोअरचं शस्त्र द्यावं, इतपत सांगते. योग्य म्हणजे कोणतं? गोळी कशी घडलेली, अंतर किती, गाडीतून की जमिनीवरून, अंधारात की उजेडात, पहिली गोळी चुकली तर दुसरी कोणाची? हे सारं येणाऱ्या तज्ज्ञावर सोडलेलं. म्हणजे राज्याने मृत्युदंड लिहिला आणि दोरखंड निवडायचं काम पाहुण्याकडे दिलं. पाहुणा गेला की त्याचं ज्ञानही त्याच्याबरोबर गेलं. पुढच्या वेळी पुन्हा बोलावणं, पुन्हा वाद. मोहिमेनंतर आपल्या वनरक्षकांपैकी किती जणांना वाघाच्या खांद्यामागची नेमकी जागा दाखवता येते, हे कोणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

वाघाचा प्रसंग विरळा. डुकराचा आणि रोह्याचा रोजचा. 2015 मध्ये महाराष्ट्राने या दोन जनावरांना मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणला. कागदावर शेतकऱ्याची सोय झाली. पण परवानगी घेऊन तो मारणार कशाने? बारा बोअर असलेला परवानाधारक पाच गावांत एखादा. त्याच्याकडेही काडतुसं मोजकी, कारण वर्षाला किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं. सरावाला खर्च केली तर प्रसंगाला उरत नाहीत. बारा बोअरच्या मोठ्या छऱ्र्याचा भरवसा तीस-पस्तीस मीटरपर्यंत, आणि डुक्कर येतं रात्री. म्हणून होतं काय, तर परवानगीचा कागद घरात राहतो आणि धुऱ्यावर तार लागते. वीजवाहिनीवर आकडा टाकून करंट सोडायचा, किंवा क्लचच्या तारेचा फास, किंवा पिठात गुंडाळलेला गावठी बॉम्ब, जो डुकराचा जबडा उडवतो आणि त्याला दिवसभर जिवंत ठेवतो. करंट डुक्कर, वाघ आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी यांच्यात फरक करत नाही. टिपेश्वर अभयारण्यातल्या एका वाघिणीच्या गळ्यात रुतलेला तारेचा फास काढावा लागला, तो वाघासाठी लावलेला असेलच असं नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये मुकुटबनजवळ तर एका गाभण वाघिणीला गुहेच्या तोंडाशी आग लावून मारलं. आपल्या जिल्ह्यात जनावर मारायच्या जितक्या रीती आहेत, त्यांत चांगली गोळी ही सर्वांत दयाळू आणि कायद्याने सर्वांत दुर्मीळ.

यावर दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही हलके नाहीत.

पहिला आक्षेप प्राणिमित्रांचा: बंदुकीची, गोळीची चर्चा सुरू केली की मारणं प्रतिष्ठित होतं, आणि मागच्या दाराने शिकार परत येते. 2016 मध्ये बिहारमध्ये मोकाम्याला दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या आणि आपल्या शेजारी चंद्रपुरात रानडुकरं मारली, तेव्हा केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्येच जाहीर खडाजंगी झाली होती. ही भीती खरी आहे. बंदुकीला स्वतःचं एक आकर्षण असतं. गोळ्यांची वजनं आणि वेग यांच्या गप्पांत रमलेला माणूस जनावर कधी विसरतो ते त्यालाही कळत नाही. अमेरिकेत जॅक ओ’कॉनर आणि एल्मर कीथ यांनी हलकी वेगवान गोळी बरी की जड संथ, यावर अर्धं आयुष्य वाद घातला आणि त्यांच्या वाचकांच्या दोन जाती झाल्या. तसलं काही इथे नको. पण गप्प राहिल्याने मारणं थांबत नाही, ते तारेवर जातं. मारणं लपलं की त्याचा दर्जा घसरतो, हे दारूबंदीच्या जिल्ह्याशेजारी राहणाऱ्यांना मी सांगायला नको.

दुसरा आक्षेप मला जास्त अडवतो. रायफलीची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. यवतमाळचं शिवार मोकळं नाही. रात्री शेजारच्या वावरात मचाणावर जागलीला माणूस असतो, पलीकडे तांडा असतो, कोलामांचा पोड असतो. छर्रा काही शे मीटरमध्ये पडतो. म्हणजे कायद्याने शेतकऱ्याला बिनआट्यांची बंदूक दिली त्यात शहाणपणही आहे. मी तेराव्या कलमाला नावं ठेवून सुरुवात केली खरी, पण प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी रायफल असावी असं मी म्हणणार नाही. सॉफ्ट-नोज गोळी जनावरात पसरून बरीचशी ताकद तिथेच सोडते, पूर्ण आवरणाची पार होऊन पुढे जाते. म्हणून निवड डुकराच्या दयेपुरती नाही, जागलकऱ्याच्या जिवाचीही आहे. आणि चुकलेली गोळी, मग ती कोणतीही असो, मागे मातीचा बांध असेल तरच सुरक्षित. हे ज्ञान परवान्याच्या कागदाबरोबर येत नाही.

म्हणून हे काम सरकारी, प्रशिक्षित आणि मोजक्या हातांत असावं. प्रत्येक वनविभागात चार-सहा वनरक्षक, त्यांची दरवर्षी परीक्षा. नॉर्वेमध्ये मोठ्या जनावराच्या शिकारीला जायचं तर आधी तीस बारांचा सराव दाखवावा लागतो, मग शंभर मीटरवर जनावराच्या आकृतीतल्या तीस सेंटिमीटरच्या वर्तुळात पाचपैकी पाच गोळ्या बसवाव्या लागतात. चार बसल्या तर नापास. जर्मनीत शिकाऱ्याच्या परीक्षेत गोळीचं शास्त्र हा विषयच असतो. आणि फार लांब नको, केरळने मे 2022 मध्ये ग्रामपंचायतींच्या प्रमुखांना रानडुकरं मारण्याचे आदेश द्यायचा अधिकार दिला, परवानाधारक नेमबाजांच्या याद्या केल्या आणि विष, स्फोटकं व वीज वापरायला मनाई केली. तो प्रयोग पूर्ण यशस्वी आहे असा दावा मी करत नाही. पण कशाने मारायचं नाही, एवढं तरी त्यांनी लिहिलं. कशाने मारायचं, हे लिहायचं महाराष्ट्राने मनावर घ्यावं.

आदेशात चार-पाच ओळी जास्त लागतील. हत्यार आणि गोळीचा प्रकार. जास्तीत जास्त अंतर. मागे काय असेल तरच बार काढायचा. दुसऱ्या गोळीची जबाबदारी कोणाची. जनावर जखमी होऊन निघून गेलं तर माग काढायचं बंधन, आणि त्याची नोंद जिल्ह्याला. जाता जाता आणखी एक: मेलेलं डुक्कर उघड्यावर टाकू नये, कारण पसरलेल्या गोळीतून शिशाचे कण मांसात राहतात आणि ते खाणाऱ्या पक्ष्यांत जातात. कॅलिफोर्नियाने कॉन्डॉर या गिधाडांसाठी 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. डायक्लोफिनॅकने आपली गिधाडं गेली. उरलेल्यांना शिसं चारायला नको. तांब्याच्या गोळ्यांचा विचार नंतर करू, आधी खड्डा खोदायला तर काही खर्च नाही.

खर्च आहे तो सरावाला. माणशी वर्षाला दोनशे काडतुसं धरली तरी एका वनविभागाचा हिशेब आठशे ते बाराशे काडतुसांचा होतो, आणि खडकी काही परदेशात नाही. पॅराग्लायडर, हत्ती आणि अत्तर यांच्या खर्चाला ज्या सह्या झाल्या, त्याच खुर्च्यांवरून ‘सरावाची काडतुसं’ या शीर्षकाखालची सही मागायची आहे.